मान टाकणारी तोफ

आमच्या मायला सिनेमा म्हणजे देवाचा, एवढंच माहीत होतं. यात्रेतल्या तंबूत पडद्यावर देव आला की ती बसल्या जागी हात जोडायची आणि राक्षस आला की पदर तोंडावर घ्यायची. हसायचा सिनेमा तिला पहिल्यांदा दाखवला तो माझ्या धाकट्या भावानं, आणि तो निघाला तोफा विकणाऱ्या दलालाचा. त्या सिनेमानं आमच्या घरात जो गोंधळ घातला, तो घालणं खऱ्या तोफेलाही जमलं नसतं.

मी तेव्हा पूर्णेला राहत होते. आमचे हे रेल्वेत, त्यामुळे जंक्शनच्या मागच्या बाजूला क्वार्टर मिळालं होतं. दोन खोल्या, आणि दर गाडीला थरथरणारी भांड्यांची मांडणी. माहेर पालमजवळच्या एका खेड्यात. तिथं कोरडवाहू जमीन, एक बैलजोडी, आबा आणि माय. भाऊ फौजेत. त्याचं येणं-जाणं माझ्याच दारावरून व्हायचं आणि त्या गोष्टीचा मला फार तोरा होता. गाडीतून उतरलेला भाऊ मायच्या आधी मला दिसायचा.

त्या वर्षी तो श्रावणात रजेवर आला. रजा संपायला आठवडा राहिला तेव्हा त्यानं ठरवलं, की मायला आणि आबांना पूर्णेला आणायचं, आक्काच्या, म्हणजे माझ्या, हातचं खाऊ घालायचं आणि टॉकीजमध्ये बसवून पोट दुखेपर्यंत हसवायचं. विद्यापीठाच्या नामांतराच्या मोर्चांचे आणि बंदचे ते दिवस, एस.टी. चालू आहे का, हे विचारूनच घरातून निघायचं. एकदा बेत मोडला, मग जमला.

"कोणता सिनेमा हाय?" मी विचारलं.

"लय भारी हाय, आक्का. तोफा इकणारा दलाल हाय त्यात. आमच्याकडं दाखवला तवा सगळी पलटण हसून लोळायली व्हती."

फौजेतल्या माणसांनाच तोफेच्या दलालाचं हसू येतं म्हटल्यावर मी निर्धास्त झाले. तसे तेव्हा सगळेच तोफांवर बोलायचे. पेपरात दलालीच्या बातम्या यायच्या आणि स्टेशनाबाहेर चहा पिणारा माणूससुद्धा बशी खाली ठेवून सांगायचा, कुणी किती खाल्लं ते. तोफ कुणी पाहिली नव्हती, पण खाणारे सगळ्यांच्या ओळखीचे वाटायचे. त्यामुळे असल्या सिनेमांना गर्दी होत असे.

टॉकीज पत्र्याची होती. बायकांची बाजू वेगळी आणि मध्ये कमरेएवढी भिंत. दुपारचा खेळ. मी आणि माय अलीकडं, आबा आणि भाऊ भिंतीला लागून पलीकडं, म्हणजे मध्येच काही बोलायचं झालं तर बोलता यावं.

गोष्ट अशी होती. एक भांड्यांचा व्यापारी असतो. त्याच्या दुकानाबाहेर एक भला मोठा पितळी पाइप पडलेला असतो, तो बघून एका राजाच्या मंत्र्याला ती तोफच वाटते. व्यापारी आधी घाबरतो, मग विकून टाकतो. शेजारच्या राजाला कळतं, की पलीकडच्यानं तोफ घेतली. तो म्हणतो, मला दोन द्या. झालं! भांड्यांचं दुकान बंद, तोफांचं चालू. परीक्षेच्या दिवशी तोफेच्या तोंडातून नुसता धूर निघतो, पण टेकडीमागं लपवलेला माणूस सुतळी बॉम्ब लावून दोरी ओढतो आणि समोरची भिंत पडते. मंत्री टाळ्या वाजवतात. त्यांची पाठ वळली की तोफ शीळ घातल्यासारखा बारीक आवाज करून हळूच मान टाकते, आणि व्यापारी धावत येऊन तिच्या हनुवटीखाली खांदा देतो. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा, तसा सगळा प्रकार. सैनिकांना दिलेल्या बंदुका तर चपलेनं बडवल्याशिवाय उडतच नाहीत. त्यामुळे कवायतीला सगळी पलटण एक चप्पल पायात आणि एक हातात घेऊन उभी.

मी इतकी हसले, की शेजारची बाई माझ्याकडं बघून हसायला लागली. आबांचा तर भिंतीपलीकडून वेगळाच खेळ चालू होता. व्यापारी आणि मंत्री शालीखाली हात घालून बोटं दाबतात आणि भाव ठरवतात, असं दृश्य आलं, तेव्हा ते उठून उभेच राहिले.

"आरं, ह्यो तर हेड्या हाय!" ते ओरडले. "आपल्या बाजारातला हेड्या!"

हेड्या म्हणजे जनावरांच्या बाजारातला दलाल. आमच्याकडं बैलाचा भाव तोंडानं बोलत नाहीत. हेड्या आणि गिऱ्हाईक रुमालाखाली हात घालतात आणि बोटं धरून सौदा करतात. बघणाऱ्याला काही म्हणता काही कळत नाही. आबांची अर्धी हयात त्या रुमालाखाली गेलेली. पडद्यावर तोच रुमाल दिसल्यावर ते सासुरवाडीला आल्यासारखे खुलले. पुढचा सगळा सिनेमा त्यांनी आधीच सांगायला सुरुवात केली आणि मागच्या लोकांनी त्यांना खाली बसवलं.

शेवटी लढाई लागते. दोन्ही राजांच्या तोफा माना टाकतात. दोन्हीकडचे सैनिक बंदुका बडवून बडवून दमतात आणि मग मैदानाच्या मधोमध बसून आपापल्या शिदोऱ्या सोडतात. टॉकीजमध्ये टाळ्या पडल्या. मी डोळे पुसत मायकडं वळले. खळ्यावर रास उघडी असताना ती आभाळाकडं बघते, तशी ती पडद्याकडं बघत होती. दोन्ही हात मांडीवर घट्ट दाबलेले.

घरी आलो. मी चहा टाकला. आबा अजून तोफेची शीळ काढून दाखवत होते. मायनं कप खाली ठेवला आणि भावाला विचारलं, "तुझी बंदूक कुणी इकत आणली रं?"

भाऊ हसला. "सरकारनं."

"सरकारनं म्हणजी कुणी? बाजारात कोण गेलतं?"

"माय, ते सिनेमा हाय. खोटं असतंय समदं."

"खोटं असतं तर लोकं हसले कामून? खोट्याला कुणी हसतंय व्हय? लोकं खऱ्यालाच हसतेत."

मी तोंडाची फटकळ. मी मध्ये पडले. "काहीबी काय बोलायलीस, माय? सायब लोकं तपासून घेतेत. कागद असतेत, शिक्के असतेत."

"बसक्या बैलालाबी पावती व्हती," माय म्हणाली.

यावर आबांची शीळ बंद झाली.

बसक्या बैलाची गोष्ट आमच्या घरात निघत नसे, कारण तो आबांनीच आणलेला होता. बाजारात बघितला तेव्हा तो शेपूट झाडत ऐटीत उभा. आबांनी दात बघितले, खूर बघितले, रुमालाखाली हात घातला आणि घरी घेऊन आले. पेरणीला चालला, वखराला चालला. मग एकदा माय माहेराहून गाडीत येत होती, मांडीवर हाच धाकटा, तान्हा. ओढ्याला पाणी वाढत होतं. ओढ्याच्या मध्यावर पाणी पोटाला लागलं आणि बैल खाली बसला. मारलं, ओढलं, शेपूट पिरगाळलं. उठायचं नाव नाही. माय लेकराला डोक्यावर धरून पाण्यातून चालत काठाला आली. पाणी तिच्या गळ्याला लागलं होतं म्हणतात. तेव्हापासून वरून धडधाकट दिसणाऱ्या कुठल्याही वस्तूवर तिचा विश्वास नव्हता. ज्याचं जळतं त्याला कळतं. आम्ही सिनेमात तोफ बघितली. तिला तो बैल दिसला असणार.

"दोन्हीकडच्या बंदुका बसल्या म्हणून बरं झालं," माय म्हणाली. "समद्यांनी मिळून भाकर खाल्ली. एकाकडच्याच बसल्या असत्या तर कसं?"

आमचे हे ड्यूटीवरून आले, त्यांना विचारलं, तर ते म्हणाले, मी बाबा फक्त सिग्नलचं सांगू शकतो.

दुसऱ्या दिवशी आम्ही सगळे गावी गेलो. पोळा जवळ आलेला, म्हणून मीही बरोबर गेले. घरी पोचल्यावर चूल पेटवता पेटवता तिनं एकदाच काय ते सांगून टाकलं, "मी दही देणार न्हाई. मंग कसा जातूस बघू."

ही धमकी साधी नव्हती. आमच्या घरात गावाला निघालेल्या माणसाच्या हातावर माय दही ठेवते, तो ते चाटतो आणि मग उंबरा ओलांडतो. लग्न होऊन मी निघाले तेव्हा रडण्याच्या भरात दही राहिलं, तर वरात वेशीतून परत आणली होती. भाऊ पहिल्यांदा भरतीला गेला तेव्हापासून त्या दह्याशिवाय कधी निघाला नव्हता. आणि रजा संपल्यावर वेळेवर हजर झालं नाही तर फौजेत काय होतं, ते त्याला पक्कं माहीत होतं. मायच्या मनाविरुद्ध उंबरा ओलांडायचा की नोकरीच्या विरुद्ध घरात बसायचं, असा पेच.

आबा घरात गप्प, पण पारावर जाऊन त्यांनी सिनेमा सांगितला. असा सांगितला, की मूळ सिनेमा फिका पडावा. त्यांच्या तोंडून तो मंत्री गावचा सावकार वाटायला लागला आणि व्यापारी पक्का हेड्या झाला. तोफेची मान खाली आली, की पारावरची म्हातारी माणसं खोकेपर्यंत हसायची. भावाला लोकांनी विचारलं, "काय फौजी, तुमीबी चप्पल घेऊनच लढायलेत का?" भाऊही हसला. घरी आला तेव्हा माय अंगणात ज्वारी पाखडत होती. हसू सगळं तिला ऐकू गेलं होतं.

"झालं का समद्यांचं हसून?" ती म्हणाली.

त्या चार-पाच दिवसांत भावानं सगळे उपाय केले. आमच्याकडं बंदुकीची परीक्षा होते, म्हणाला. तर माय म्हणाली, सिनेमातबी झाली. आमचे साहेब लय कडक आहेत, म्हणाला. तर माय म्हणाली, त्यो मंत्रीबी मिशीवाला व्हता. माझी बंदूक एकदम बिनखोडीची आहे, म्हणाला, तेव्हा तर ती सरळ उठून आत गेली. मी चिडून तिच्या मागं गेले. ती पीठ मळत होती. माझ्याकडं न बघता म्हणाली, "बिनखोडीचा बैल असतोय का कुठं? हेड्यावानी बोलायलंय माझं लेकरू."

तिला राग बंदुकीचा नव्हता, याचा होता. पण ते मला तेव्हा नीट कळलं नाही. मी आपली तिच्यावर डाफरून बाहेर आले.

मग एका दुपारी स्टोव्ह अडला. मी पूर्णेहून आणून दिलेला पितळी स्टोव्ह, मायचा लाडका. तिनं पिन घालून बघितली, पंप मारून बघितला, तो नुसता फुरफुरत राहिला. भाऊ ओसरीवर बसला होता. तो उठला, आबांचा रुमाल घेतला आणि माझ्या हातात दिला.

"आक्का, डोळे बांध माझे. घट्ट."

मी बांधले. तो पोत्यावर मांडी घालून बसला, स्टोव्ह पुढ्यात ओढला आणि खोलायला लागला. बर्नर काढला, नळी काढली, पंपाचा दांडा, त्याच्या आतलं चामड्याचं वायसर. एकेक वस्तू पोत्यावर ओळीनं ठेवत गेला. मग सगळं चाचपून पुसलं, फुंकलं, आणि त्याच क्रमानं परत बसवलं. डोळ्यांवरचा रुमाल सोडून काडी लावली तर निळी ज्योत भर्रकन उभी राहिली.

"बंदूक अशी खोलायला शिकवतेत," तो म्हणाला. "अंधारात. रोज. इकणारा कोण का असंना माय, आता ती माझ्या हाताखालची हाय."

आबा दारातून म्हणाले, "बसका बैलबी दावणीला ऱ्हायलाच की. पाण्यात बसतोय हे कळलं, मंग आपुन वड्यातून न्यायचंच सोडलं. म्हातारा होऊन मेला आपल्याच गोठ्यात." इतक्या वर्षांत आबांनी त्या बैलाचं नाव स्वतःहून पहिल्यांदा काढलं.

मायनं स्टोव्ह बारीक केला आणि भावाला विचारलं, "मंग तुझ्या बंदुकीची खोड काय?"

तो परत सुरू करणार होता, की खोड नाहीच म्हणून. मला दिसलं, त्याच्या ओठावर ते आलं होतं. पण त्यानं रुमालाची घडी केली आणि खाली बघत म्हणाला, "थंडीत आखडती. बर्फात असलं की आतलं तेल गोठतंय. पुसून कोरडी ठेवावी लागती, पातळ तेल लावावं लागतं. लय गारठा असला की रातभर कुशीत घेऊन झोपावं लागतंय."

"कुशीत घेऊन?"

"हं. लेकरावानी."

"मंग सकाळी उडती?"

"उडती. कुशीत घेतली तर उडती."

माय "बरं" म्हणाली. आठवडाभर तिला कागद, शिक्के, साहेब सगळं सांगून झालं होतं, आणि तिला जे हवं होतं ते एवढंच होतं. आपल्या पोरानं खोटं न सांगता खोड सांगावी. बाजारातल्या वस्तूवर नाही, तर त्या वस्तूची खोड ओळखणाऱ्या माणसावर भरवसा ठेवता येतो, हे तिला आयुष्यानं शिकवलं होतं. माझ्या भावाबद्दल मला तेव्हा इतकी माया दाटून आली, की मी उगाच त्याच्या पाठीत धपाटा घातला.

भाऊ निघाला त्या दिवशी खांदमळणी होती, म्हणजे पोळ्याचा आदला दिवस. आमच्याकडं त्या संध्याकाळी बैलांचे खांदे कढत पाण्यानं शेकतात, लोणी आणि हळद लावून मळतात आणि त्यांना दुसऱ्या दिवशीच्या पुरणपोळीचं आवतन देतात. वर्षभर ज्या खांद्यावर जू घेतलं, त्या खांद्याची ही सेवा. भावाची एस.टी. दुपारची होती, म्हणून आबांनी त्याच्यासाठी खांदमळणी सकाळीच काढली. भावानं दोन्ही बैलांचे खांदे मळले. माय हळद-लोण्याची वाटी धरून उभी होती.

"बंदूक कोणत्या खांद्याला लावतूस?" तिनं विचारलं.

"उजव्या."

"अंगरखा काढ."

तो लाजला. एवढा फौजी गडी, गोठ्यात उघडा उभा. मायनं वाटीतलं उरलेलं हळद-लोणी त्याच्या उजव्या खांद्यावर थापलं आणि दोन्ही हातांनी मळायला लागली. बैलाला मळतात तसंच, जोर लावून. मग बैलांना म्हणतात तेच शब्द तिनं त्याला ऐकवले, त्याच मानानं, "आज आवतन घ्या, उद्या जेवाया या."

बैल काही बोलत नाहीत. भाऊ म्हणाला, "येतो, माय." मी गोठ्याबाहेर जाऊन रडून घेतलं.

मग दही झालं. दशम्या आणि ठेच्याची गाठोडी झाली. गाठोडी नेहमी दोन असत. एक भावाचं आणि एक त्याच्या जोडीदाराचं. हा जोडीदार देवगाव फाट्याजवळच्या एका खेड्यातला, भावाच्याच तुकडीत. आम्ही त्याला सेलूवाला म्हणायचो, कारण भावाची मनमाडला जाणारी गाडी सेलूला थांबली की तो तिथं चढायचा. त्याची आई स्टेशनवर पोचवायला येई. मायनं त्याला कधी बघितलं नव्हतं, पण गाठोडं चुकवलं नाही. त्या दिवशी तिनं दोन्ही गाठोड्यांत स्टोव्हची एकेक पिनही घातली. बंदुकीला पिन लागत नाही, हे भावानं तिला सांगितलं नाही.

त्यानंतर भाऊ रजेवर आला, गेला, परत आला. जाताना कुठलाही महिना असो, माय त्याचा उजवा खांदा मळायची आणि आवतन द्यायची. दोन गाठोडी बांधायची. परत आला की विचारायची, "सेलूवाल्याला दशम्या पोचल्या का?" भाऊ म्हणायचा, "पोचल्या. ठेसनावर त्याची माय भेटली, लय खूश झाली." मग माय समाधानानं पुढच्या कामाला लागायची.

नामांतर झालं त्या सुमाराला भाऊ पेन्शन घेऊन कायमचा घरी आला. तोवर माझ्या क्वार्टरमध्ये टीव्ही आला होता. एका रविवारी संध्याकाळी सगळे माझ्याकडं होते, आणि लागला तोच सिनेमा. भांड्यांचं दुकान दिसताच आबांनी मांडीवर थाप मारली. मी मायकडं बघितलं. म्हटलं, बंद करू का?

"ऱ्हाऊ दे," ती म्हणाली.

आणि तोफेनं पहिल्यांदा मान टाकली तेव्हा माय हसली. आधी पदराआड, मग उघड. व्यापारी हनुवटीखाली खांदा द्यायला धावला तेव्हा तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. "कशी झोपली बघ मेली!" म्हणत तिनं आबांना कोपरखळी मारली. मला इतकं बरं वाटलं. तिचं लेकरू तिच्या शेजारी बसलं होतं, आता तोफेनं मान टाकली काय नि उचलली काय. मीही हसायला लागले.

मग चपलेनं बंदुका बडवायचं दृश्य आलं. हसता हसता माय भावाकडं वळली आणि थांबली. तो हसत नव्हता. सगळी पलटण हसून लोळली, असं त्यानंच सांगितलं होतं, तो हाच सिनेमा. तो पडद्याकडं बघतही नव्हता. उजव्या हाताचा अंगठा गुडघ्यावर घासत खाली बघत बसला होता.

"कुणाची आखडली रं?" तिनं हळूच विचारलं.

आबांनी हसणं थांबवलं.

"सेलूवाल्याची," तो म्हणाला.

"कवा?"

"चार पोळे झाले असतील. लय बर्फ व्हता, माय. पहाटंची येळ. त्यो तिथंच गेला."

मी उठून टीव्ही बंद केला. खोलीत एकदम गाडीच्या शंटिंगचा आवाज यायला लागला. माय मनाशी काहीतरी जुळवत होती. चार पोळे. तेवढ्या काळात तिनं बांधलेली सगळी गाठोडी तिच्या डोळ्यांपुढं येत असणार.

"मंग मी द्यायले ते गाठुडं?"

"त्याच्या मायला द्यायचो. मी जायलोय म्हणून कळवायचो तिला. सेलूला गाडी आली की ती खिडकीपाशी यायची. गाठुडं घ्यायची, माझ्या तोंडावरून हात फिरवायची. गाडी सुटायची. तुला सांगितलं असतं तर तू दही दिलं नसतंस."

"त्या माउलीची माझी भेट न्हाई," माय म्हणाली.

ती सरकून त्याच्याजवळ बसली. तिथं ना लोणी होतं, ना हळद. सदऱ्यावरूनच तिनं त्याचा उजवा खांदा मळायला घेतला. तो तसाच मान खाली घालून बसून राहिला. मग तिनं डोळे पुसले आणि त्याला म्हणाली, "पोळा आला. सेलूला जा आन् तिला आवतन दे. एवढी वर्सं माझ्या हातचं खायली ती, आता माझ्या घरी येऊन जेवू दे."